गाडी नाही, नुसती सीट पाहिजे

घरी गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळायला स्टीअरिंग आणि पेडल घेण्याआधी मी दोन महिने व्हिडिओ पाहिले. बसायचं कशावर, याचा विचार मात्र पाच मिनिटंही केला नाही. चाकांची खुर्ची घरात होतीच. गेममधल्या मॉन्झा ट्रॅकच्या पहिल्या वळणाआधी ब्रेकवर जोरात पाय दिला, तर गाडी राहिली बाजूला, मीच खुर्चीसकट मागे कपाटावर आदळलो. मग चाकांखाली विटा लावल्या. खुर्ची थांबली, पण पाठ मागे कलायचीच. माझा ब्रेक लोड सेलचा. पाय किती खाली गेला हे तो बघत नाही, किती जोर दिला ते मोजतो. बूड हललं की दर वळणावर ब्रेक वेगळा लागणार.

मग ऑनलाइन एक बकेट सीट, म्हणजे शर्यतीच्या गाडीत असते तशी उंच कडांची सीट, मागवली. फोटोत रुबाबदार. बसल्यावर दोन्ही मांड्या बाजूच्या उंचवट्यांवर चढल्या. टेप लावला तर माझी बसलेली रुंदी ४२ सेंटिमीटर, सीटची आतली ३८. हे आधी मोजायला काय झालं होतं? त्यात वर रेक्झिन. मे महिन्यातल्या नागपुरात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना रेक्झिनवर अर्धा तास बसून दाखवा. ती परत पाठवताना झालेली दगदग सांगत बसत नाही.

शेवटी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे गेलो.

"भाऊ, गाडी कोणती हाय?"

"गाडी नाही. घरी बसायला पाहिजे."

"घरी? मंग सोफ्याले काय झालं?"

त्याने तरी चार सीटा काढून दिल्या. मी प्रत्येकीवर दहा-दहा मिनिटं बसलो, त्याची पोरं हसत होती. सगळ्यात छान सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण होती, खाली पिवळा कनेक्टर लोंबत होता. ती सोडली. न फुटलेली एअरबॅग घरात आणून वायरींशी खेळणं म्हणजे सुतळी बॉम्बवर बसणं. एका छोट्या हॅचबॅकची कापडी सीट २,५०० रुपयांत घेतली. रेल आणि पाठ कलवायचा खटका, दोन्ही शाबूत.

खरी मेहनत पुढे होती. गाडीचा तळ सपाट नसतो, म्हणून सीटचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे. प्लायवूडवर ठेवली तर ती पुढे झुकायची. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपची चौकट करून घेतली, पुढची बाजू थोडी उचलली आणि पेडलही त्याच चौकटीला बोल्टने कसले. आता जोर कितीही द्या, सीट आणि पेडल एकमेकांपासून दूर जात नाहीत.

जागा बसवायला अख्खा रविवार गेला. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पडलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा सरळ ताठ होता कामा नये. कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी घातली. तासाभराने माझी कंबर धरायची, ती थांबली. कूलर मागून लावलाय. त्याच्या घरघरीत इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन.

दुपारी मी ऑफिसात असतो तेव्हा आई कूलरची हवा खात त्याच सीटवर भाजी निवडते. तिचे पाय पेडलच्या पट्टीवर टेकावेत म्हणून सीट पुढे ओढते. रात्री मी ती पुन्हा तीन खाचा मागे सरकवतो आणि रेलमधले मेथीचे देठ काढतो.