एसी आणि पर्यावरणदिन
आज कामानिमित्त फोर्टात होते, तेवढ्यात मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात डोकावून आले. बारा राशींची ती गोल रंगीत काच, अहाहा! १८७४ ची वास्तू. जुनं जपून डागडुजी केली, २००७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

‘ग्रीन’, म्हणजे पर्यावरणपूरक, इमारत म्हटलं की नुसतं गच्चीवर सोलर नव्हे हो. उभी भिंत टिकली की तेवढं नवं सिमेंट वाचतं, आणि जगातल्या कार्बन उत्सर्जनात साधारण ८ टक्के वाटा सिमेंटचा. शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की आतच कोंडते, पोपडे सुटतात. आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या नूतनीकरणात नेमकं हेच चाललंय. उंच छताखाली फॉल्स सीलिंग, झरोके बुजवले, मग उकडतं म्हणून एसी. उद्घाटन म्हणे पर्यावरणदिनी!