तक्त्याची शेवटची ओळ

वृत्तपत्राच्या क्रीडा पानावरचा गुणतक्ता मी लहानपणापासून खालून वर वाचत आलो आहे. पहिल्या क्रमांकावर कोण आहे हे शेजारीपाजारी, रेडिओ आणि शाळेतली मुले न विचारता सांगत असत. तळाशी कोण पडले आहे याची चौकशी मात्र स्वतःलाच करावी लागे. रणजी स्पर्धेचा तक्ता असो की कबड्डीचा, माझे बोट आधी शेवटच्या ओळीवर जाते आणि त्या संघातल्या माणसांनी हरलेल्या सामन्यानंतर सामान कसे बांधले असेल, परतीच्या गाडीत पहिला विषय कोणी काढला असेल, असल्या निरुपयोगी विचारांत मी काही वेळ रमतो. बेसबॉल या खेळाचे नियम मला अजूनही कोणाला धड समजावून सांगता येत नाहीत. तरीही जपानच्या सेंट्रल लीगचा १९५० सालचा तक्ता समोर आला, तेव्हा सवयीने नजर तळाशी गेली आणि तिथेच राहिली. हिरोशिमा कार्प : विजय ४१, पराभव ९६, बरोबरी १.

बेसबॉलच्या तक्त्यात गुण नसतात. बरोबरीचे सामने वगळून उरलेल्यांपैकी किती जिंकले याचे प्रमाण तीन दशांश स्थळांपर्यंत काढतात आणि त्यावरून क्रम लावतात. कार्पचे प्रमाण ०.२९९ होते. आठ संघांच्या लीगमध्ये हा संघ आठवा होता, आणि ९८ सामने जिंकून अजिंक्य ठरलेला शोचिकु रॉबिन्स हा संघ त्यांच्या पुढे, बेसबॉलच्या हिशेबात (विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची सरासरी काढतात), ५९ सामन्यांनी होता. रोज एक सामना जिंकत गेले असते आणि पुढच्याने रोज हरायचे कबूल केले असते, तरी गाठायला दोन महिने लागले असते, इतके हे अंतर.

त्या वर्षी जपानमधली एकच व्यावसायिक लीग फुटून दोन झाल्या होत्या. सेंट्रलमध्ये आठ आणि पॅसिफिकमध्ये सात संघ आले, आणि जवळजवळ प्रत्येक संघाच्या पाठीशी एखादी गबर कंपनी उभी होती. जपानी संघांची नावे वाचताना तिथल्या उद्योगांची यादी वाचल्यासारखे वाटते. योमिउरी आणि माइनिची ही वृत्तपत्रे, हानशिन आणि निशितेत्सु या रेल्वे कंपन्या, कोकुतेत्सु म्हणजे तर खुद्द सरकारी रेल्वे, तायो ही मासेमारी करणारी कंपनी (तिच्या संघाचे नाव व्हेल्स, म्हणजे देवमासे), आणि शोचिकु ही चित्रपट काढणारी. हिरोशिमाच्या पाठीशी मात्र कोणीही नव्हते. प्रांताने, शहराने आणि आसपासच्या लहान शहरांनी मिळून पैसा उभा करायचा, असा बेत ठरला होता. तो कागदावर जितका उदात्त दिसत होता, तितकाच महिनाअखेरीस तापदायक ठरणार होता.

शहर कोणते, हे निराळे सांगायला नको. ६ ऑगस्ट १९४५ नंतर त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिथे सुमारे १,४०,००० माणसे गेली असा अंदाज आहे, आणि पंचाहत्तर वर्षे या मातीत गवताची काडीही उगवणार नाही अशी वदंता पसरली होती. त्या गोष्टीला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तेवढ्यात हा संघ उभा राहिला. नाव शोधले तेही स्थानिक. शहरातून वाहणाऱ्या ओता नदीत कार्प मासा मिळतो आणि हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्यालाही ‘कार्प किल्ला’ असे दुसरे नाव आहे. प्रवाहाविरुद्ध धबधबा चढून जाणारा मासा अशी त्या भागात त्याची ख्याती. सुरुवातीला इंग्रजीच्या हिशेबाने ‘कार्प्स’ असे अनेकवचन केले होते. मग या माशाचे इंग्रजी अनेकवचनही ‘कार्प’च होते हे लक्षात आल्यावर शेवटचे अक्षर गाळण्यात आले. आपल्या बाजारातले रोहू आणि कटला याच कुळातले, हे कळल्यावर मला या संघाबद्दल उगाचच घरोबा वाटू लागला. आमच्या घरी रोहूला समुद्राच्या माशांपुढे कायम शेवटचा मान असे, हेही त्याचे एक कारण असेल.

संघ बांधण्याचे काम इशिमोतो शुइची यांच्याकडे आले. ते हिरोशिमाचेच. शाळकरी संघाला राष्ट्रीय विजेतेपदे आणि पुढे ओसाका टायगर्सला अजिंक्यपदे मिळवून दिलेला हा प्रशिक्षक. पण पंधरा संघ एकाच वेळी खेळाडू शोधत असताना पैसे नसलेल्याच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्या वाट्याला आले : दुसऱ्यांनी न घेतलेले, उतार वयाचे, अगदी नवखे. अपवाद होता तो शिराइशी कात्सुमीचा. योमिउरीसारख्या श्रीमंत संघातला हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आपल्या गावाचा संघ निघाला म्हणून हिरोशिमाला परत आला. दुसरा होता हासेगावा र्योहेई, आइची प्रांतातून आलेला, साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा, अंगाने किरकोळ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावरही लिहितात. त्या पहिल्या हंगामात त्याने १५ सामने जिंकले आणि २७ हरले. संघाच्या ४१ विजयांतले १५ एकट्याचे! हासेगावा पुढे कारकीर्दभर कार्पमध्येच राहिला. १९५५ साली त्याने एका हंगामात ३० विजय मिळवले आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १९७ विजय आणि २०८ पराभव होते. बलाढ्य संघात असता तर हे दोन आकडे कसे दिसले असते याचा हिशेब करण्याचा मोह मला होतो. पण मग तो हासेगावा राहिला नसता, म्हणून मी तो हिशेब अर्धवट सोडून देतो.

पराभवांपेक्षा मला जास्त खुपली ती पैशाची रीत. आपल्या मैदानावरचे उत्पन्न आपले, ही व्यवस्था तेव्हा अजून बसली नव्हती; सामन्याच्या तिकीटविक्रीतून जिंकणाऱ्याला सात हिस्से आणि हरणाऱ्याला तीन हिस्से मिळत. म्हणजे हरणाऱ्याकडे पैसा कमी, पैसा कमी म्हणून चांगला खेळाडू नाही, आणि चांगला खेळाडू नाही म्हणून पुन्हा हार. खेळाडूंचे पगार थकले. १९५१ च्या मार्चमध्ये गोष्ट इथवर आली की कार्पने तायो व्हेल्समध्ये विलीन व्हावे किंवा संघ मोडून टाकावा, एवढेच दोन मार्ग लीगने समोर ठेवले. देवमाशाच्या पोटात नदीचा मासा जाणार हे जवळपास ठरलेच होते.

तेव्हा इशिमोतोंनी लोकांकडे हात पसरला. चाहत्यांची सहायक मंडळे गावोगावी आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून उभी राहिली. स्वतः इशिमोतो भाषणे करत आणि पैसे जमवत हिंडू लागले, आणि मैदानावरची जबाबदारी बरीचशी शिराइशीवर आली. हिरोशिमा हा तांदळाच्या दारूसाठी, साकेसाठी, नावाजलेला प्रांत. त्या दारूची रिकामी लाकडी पिंपे मैदानाच्या दाराशी मांडून ठेवली गेली आणि आत जाणारी माणसे त्यात नाणी, नोटा टाकू लागली. याला तिकडे ‘तारु बोकिन’, म्हणजे पिंपातली वर्गणी, असे म्हणतात. ज्यांच्या घरावर अजून धड छप्पर नव्हते असे लोक तिकीट काढून वर पिंपात पैसे टाकत होते, आणि आत जाऊन बहुधा पराभवच पाहत होते.

वर्गणी हा शब्द आपल्याला नवा नाही. भाद्रपदाच्या आधी पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहणारी पोरे आणि ‘काका, गेल्या वर्षी इतके दिले होते’ हे त्यांचे ठरलेले वाक्य आपण सगळेच ओळखतो. पण मंडळाच्या वर्गणीला दहा दिवसांनी आरास तरी दिसते. पिंपाच्या वर्गणीला पावती नव्हती आणि आरासही नव्हती. १९५१ च्या हंगामात कार्पने ३२ सामने जिंकले, ६४ गमावले, आणि पुन्हा शेवटचाच क्रमांक घेतला. पिंपे दाराशी तशीच उभी राहिली.

पुढच्या वर्षी लीगने नवा नियम काढला. एक संघ आदल्या वर्षीच बाहेर पडल्याने संघ सात उरले होते, आणि विषम संख्येमुळे रोज कोणालातरी रिकामे बसावे लागे. म्हणून विजयाचे प्रमाण ०.३०० च्या खाली गेलेल्या संघाचा निकाल लावायचा, असे ठरले. हा नियम कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केला होता हे उघड होते. पहिल्या वर्षीचे कार्पचे प्रमाण ०.२९९ होते हे मी मुद्दाम आधी सांगितले आहे. हा नियम तेव्हा असता तर एका सामन्याने घात झाला असता.

१९५२ चा तक्ता मी नेहमीप्रमाणे खालून वाचला. कार्प : विजय ३७, पराभव ८०, प्रमाण ०.३१६, क्रमांक सहावा. त्यांच्या खाली, सातव्या ओळीत, विजय ३४, पराभव ८४, प्रमाण ०.२८८ असा एक संघ होता, आणि त्याचे नाव शोचिकु रॉबिन्स होते. दोन वर्षांपूर्वी ९८ सामने जिंकलेला तोच चित्रपटवाल्यांचा संघ. कार्पसाठी विणलेल्या जाळ्यात तो सापडला आणि १९५३ मध्ये तायोमध्ये विलीन झाला.

रॉबिन्सच्या अजिंक्यपदाच्या वर्षी ५१ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारणारा कोझुरू माकोतो मात्र तायोकडे गेला नाही. १९५३ च्या हंगामात तो हिरोशिमाच्या मैदानावर कार्पच्या गणवेशात फलंदाजीला उतरला.