84 वर पोचलो: सायमनच्या अल्बमवरचा चौथा महिना

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्या ड्रम्सच्या सरावात मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर होता. आज सकाळी 84 वर सलग चार मिनिटं वाजवलं, हात कुठेही अडकला नाही. मूळ गाणं शंभरच्या थोडं वर आहे, म्हणजे पल्ला बाकी आहेच. पण या महिन्यात जे कळलं ते वेगापेक्षा मोलाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्यांसाठी थोडक्यात: अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनचा 'स्टिल क्रेझी आफ्टर ऑल दीज इयर्स' हा 1975 चा अल्बम मी गाण्यागणिक शिकतोय. लहानपणी सात वर्षं तबला शिकलो, ड्रम्स मात्र चाळिशीत हाती घेतले. सध्या अडकलोय 'फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर'मध्ये. 1976 च्या फेब्रुवारीत हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. सायमनचं एकट्याचं तिथवर गेलेलं हे एकच गाणं. ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, बेसवर टोनी लेव्हिन. दोघंही रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये शिकलेले, आणि गॅड त्यानंतर काही वर्षं लष्कराच्या बँडमध्ये होता. अंतऱ्याखालचा तो ठेका नीट ऐका, परेडच्या स्नेअरची (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमची) शिस्त त्यात स्पष्ट ऐकू येते.

अडचण डाव्या हाताची. या ठेक्यात हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) डाव्या हाताने वाजते आणि उजवा स्नेअरवर मोकळा राहतो. माझा डावा हात लहानपणापासून डग्ग्यावर. मनगट दाबून घुमारा काढायचा, हीच त्याची सवय. हाय-हॅटवर तसं मनगट दाबलं की ठोका मरतो, पत्र्यावर ओलं फडकं आपटल्यासारखा येतो. शेवटी पंधरा दिवस बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त डाव्या हाताची बोटं सुटी केली. काठी अंगठा आणि तर्जनीत धरायची, उरलेल्या तीन बोटांनी नुसती हलवायची, मनगट स्थिर. किनारीवर 'ना' काढताना उजव्या हाताला जे आपसूक येतं, ते डाव्याला पहिल्यापासून शिकवावं लागलं.

पाठ व्हावं म्हणून बोलही बसवले. स्नेअरच्या ठाम ठोक्याला 'ना', मधल्या पुसट ठोक्यांना 'ति', किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) 'गे', पायाने उघडणाऱ्या हाय-हॅटला 'स्स'. तोंडाने म्हणता आलं की हाताला वाट सापडते, हे गुरुजींनी शिकवलेलं इथेही शंभर टक्के खरं ठरलं.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात मी दुपारी वाजवत होतो. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खोलीत कूलर चालू. रेकॉर्डिंग ऐकलं की दरवेळी ठेका जड वाटायचा, सगळेच ठोके एका उंचीचे. कारण शोधण्यात दोन आठवडे गेले. कूलरच्या घरघरीत मला माझेच 'ति' ऐकू येत नव्हते, म्हणून ते ऐकू येईपर्यंत मी जोरात मारत होतो. घोस्ट नोट्स, म्हणजे हेच पुसट ठोके, तिथेच मेल्या. कूलर बंद करून त्या खोलीत दहा मिनिटंही बसवत नाही, मग सरावाचं पॅड आणि हाय-हॅट उचलून पहाटे साडेपाचला गच्चीवर गेलो. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून झांजांमध्ये जुना रुमाल दाबला. चौथ्या दिवशी खाली उतरलो तर आई म्हणाली, "आज वाजवून नाही राहिला का रे?" इतका आनंद मला कुठल्याच शाबासकीने झाला नसता.

या अल्बममधलं जॅझ मला तिथे सापडलं. ते फक्त सोलोमध्ये नाही. गाणारा हळू आवाजात, जवळपास बोलल्यासारखा गातो, आणि त्याच्या शब्दांमधल्या मोकळ्या जागेत हे पुसट ठोके चालतात. कोरस आला की गॅड सरळ, उघडा ठेका धरतो आणि सगळं मोकळं होतं. अंतरा जोरात वाजवला तर कोरसला उघडायला काही उरतच नाही.

शीर्षकगीताचं काम मात्र फारसं पुढे गेलं नाही. धरमपेठेतला मित्र दर रविवारी कीबोर्ड घेऊन येतो, बॅरी बेकेटने ऱ्होड्सवर (इलेक्ट्रिक पियानोवर) वाजवलेली सुरुवात त्याने छान बसवलीय. मधल्या भागात तोही चाचपडतोय. त्या काळात सायमन चक इझ्रेल्स या जॅझ बेसवादकाकडे संगीतशास्त्र शिकत होता, आणि तोवर चालीत न आलेले सूर त्याने मुद्दाम या मधल्या भागात घेतले. म्हणून कान आधी दचकतो. मग मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन येतो आणि शेवटचं कडवं एक सूर वर चढलेलं असतं. आपल्याकडे षड्ज एकदा धरला की धरला, त्यामुळे हा बदल अंगवळणी पडायला मला वेळ लागतोय. मी तिथे काठ्यांऐवजी नुसते ब्रश फिरवतो, लय ढळू देत नाही, बस.

जूनसाठी दोन कामं. 84 वरून 92, आठवड्याला दोन याप्रमाणे. आणि 'हॅव अ गुड टाइम'ची सुरुवात. त्याची कडवी 7 मात्रांची आहेत, कोरस 4 चा. पहिल्यांदा ऐकताना हात आपोआप रूपक धरायला गेला, पण रूपकात सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी नसलेल्या हलक्या मात्रेवर येते आणि इथे पहिल्या मात्रेला चांगलं वजन आहे, त्यामुळे ती सवय सोडूनच बसावं लागेल. तुमच्यापैकी कुणी तबल्यावरून ड्रम्सकडे आलं असेल, तर 7 मधून 4 मध्ये शिरताना पाय कसा सांभाळलात ते नक्की सांगा. माझा पाय दरवेळी अर्धी मात्रा आधीच पडतोय.