दोरीचं पेन

काल दुपारी खिडकीवरचं पेन पुन्हा गेलं. दोरी तेवढी जागेवर, गाठीसकट. म्हणजे घाईत ओढून तोडलेलं नव्हतं, कुणीतरी सावकाश, नखानं गाठ सैल करून नेलं होतं. ओपीडी आटोपलेली, वॉर्डातले कागद अजून खाली यायचे होते, तेव्हा त्या गाठीचंच कौतुक करत बसले.

हॉस्पिटलच्या एका विभागाच्या ऑफिसात मी बरीच वर्षं बसते आहे. काम काय, असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही. ड्युटी लिस्ट लावायची, डिस्चार्ज समरी टाइप करायच्या, डॉक्टरांचं अक्षर लावायचं, हरवलेले रिपोर्ट शोधायचे आणि ज्यांच्या हातातच आहेत त्यांचेही शोधायचे. पण दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य एकच. ‘मॅडम, पेन आहे का?’

आहे. दोरीला आहे. माझं स्वतःचं पेन ड्रॉवरमध्ये असतं आणि ते मी कुणाला देत नाही. विभागप्रमुखांनाही नाही. एकदा सरांनी सहीसाठी हात पुढे केला, तेव्हा मी दोरीवालंच त्यांच्याकडे सरकवलं. दोरी पुरेना. सरांनी वाकून सही केली. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

नातेवाईक फॉर्म भिंतीवर धरून भरतात. समोर हातभर रुंद काउंटर असताना भिंतच का, देव जाणे. पेनचं टोक आडवं, जरासं वरच. नाव उमटतं, वय उमटतं, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीला शाई रुसते. बॉलपेनातली शाई वजनानं खाली उतरते, टोक वर केलं की ती बॉलपर्यंत पोचतच नाही. मग झटकणं, तळहातावर गिरवणं आणि ‘चालत नाही हो’ म्हणून माझ्याकडे बघणं. मी म्हणते, इकडे काउंटरवर लिहा, चालेल. चालतं. ते भिंतीकडेच संशयानं बघतात.

खरा वेळ जातो तो मात्र ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात. इथे चांगली शिकलेली माणसंही अडखळतात. वडील लिहू की मुलगा? म्हणजे ते माझे कोण, की मी त्यांचा कोण? एका बाईंनी ‘मीच’ असं लिहिलं होतं. एकानं ‘शेजारी’ लिहून खोडलं, ‘भाऊ’ लिहिलं, तेही खोडलं आणि पुन्हा ‘शेजारी’ लिहिलं. आणि एका आजोबांनी त्या रकान्यात नुसतं ‘आहे’ लिहिलं. मी फॉर्म परत करणार होते. मग त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

शिक्क्यावरून आठवलं. असाच एक काउंटर मी लहानपणी पाहिला आहे, पण खालून. आठ-नऊ वर्षांची असेन. आजी ॲडमिट होती आणि घरी मला सांभाळायला कुणी नाही म्हणून आई बरोबर न्यायची. बाकड्यावर बसून पाय हलवण्यापलीकडे काम नाही. काउंटरमागच्या काकांना दया आली असावी, त्यांनी तारखेचा शिक्का माझ्या हातात दिला. रबरी पट्टे, बाजूला बारीक दातेरी चाकं. नखानं फिरवलं की आकडा टक्कन पुढे. पलीकडे आई कुणाला तरी सांगत होती, ‘उद्या सोडतील बहुतेक.’ मी तारीख एकनं पुढे केली आणि शिक्का शहाण्यासारखा परत दिला. त्या दुपारी किती कागदांवर उद्याची तारीख पडली असेल, कोण जाणे. आज माझ्या टेबलावर कुणी असं केलं तर रेकॉर्ड सेक्शन मला उभं करणार नाही. आजी काही दुसऱ्या दिवशी घरी आली नाही. आली, पण पुष्कळ दिवसांनी.

त्या रेकॉर्ड सेक्शनात प्रत्येक डिस्चार्जला आजाराचा कोड लागतो. हे कोड येतात आजारांच्या एका आंतरराष्ट्रीय यादीतून, आयसीडीतून. ही यादी मुळात मरणाच्या कारणांची. जाक बर्तियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं ती १८९३ मध्ये मांडली, आजारपणं तिच्यात नंतर शिरली. १९९० मध्ये दहावी आवृत्ती मंजूर झाली, २०२२ पासून अकरावी लागू झाली, पण माझ्या कपाटात दहावीच आहे आणि काम नसलं की मी ती चाळते. एकटं राहण्याला कोड आहे, झेड ६०.२. विश्रांती आणि विरंगुळा नसण्यालाही आहे, झेड ७३.२. हा आमच्या रेसिडेंट डॉक्टरांना सरसकट लावून टाकावा. आणि एक आहे झेड ७६.३, आजारी माणसाबरोबर आलेली निरोगी व्यक्ती.

इतक्या वर्षांत हा कोड मी एकाही कागदावर पाहिलेला नाही. लावणार तरी कसा? बाकड्यावर बसल्या बसल्या तीन रात्री काढलेल्या माणसाला निरोगी म्हणायचं कुणी?

पाचच्या सुमारास एक मुलगा आला. हातात संमतिपत्र, खांद्याला दोन पिशव्या. ‘मॅडम, पेन आहे का?’ त्यानं दोरी उचलून पाहिली, गाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

ड्रॉवर उघडला. म्हटलं, काउंटरवर लिही रे, आणि जाताना आठवणीनं दे.

हो म्हणाला, पेन घेतलं आणि फॉर्म भिंतीला लावला.