पेठेत खोल्या आहेत, तरीही कॉलेजने होस्टेल बांधावं

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत सह्यांसाठी एक निवेदन फिरलं. इथून चालत जाण्याच्या अंतरावर जे कॉलेज आहे, त्यांच्या इमारतीमागे मोकळी जागा आहे आणि तिथे मुलामुलींसाठी नवं होस्टेल बांधायचा त्यांचा विचार चालू आहे. निवेदन त्याच्या विरोधातलं. गोंगाट वाढेल, गाड्या वाढतील, पाण्यावर ताण येईल, असं त्यात लिहिलं होतं. आणखी एक कारण आहे, ते कागदावर नव्हतं, पण सही करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात होतं. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमधल्या कितीतरी घरांचा महिना कॉट बेसिसच्या, म्हणजे खोलीतल्या एकेका कॉटच्या, भाड्यावर निघतो. होस्टेल झालं तर त्या कॉट रिकाम्या राहतील ही भीती आहे.

मी सही केली नाही. माझ्याही घरी वरच्या दोन खोल्यांत सात मुली राहतात आणि त्या भाड्यावरच माझा बराचसा खर्च भागतो. "वहिनी, तुम्ही पण?" असं शेजारच्या काकांनी विचारलं, तेव्हा जिन्यात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. ते आता सांगते.

"पुण्यात खोल्यांची काय कमी आहे?" हा सगळ्यांचा पहिला मुद्दा. कमी नाहीच. टिळक रोडपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत एकही विजेचा खांब असा नसेल, ज्यावर 'कॉट बेसिस, फक्त मुलींसाठी' अशी चिठ्ठी चिकटलेली नाही. पण त्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला की पुढे काय होतं, ते फोन करणाऱ्या मुलींनाच विचारा. खोली रिकामी आहे, हो. मग नाव काय? पूर्ण नाव सांगा. आडनाव कळलं की काही घरांत खोली "आत्ताच गेली हो" होते. आडनावातून निभावलं तर नॉनव्हेज खाता का. मग गाव कुठलं, वडील काय करतात.

माझ्याकडे लातूरकडची एक मुलगी आहे, एम.एस्सी. करते. कॉलेजच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव अगदी वर होतं. प्रवेश तिने स्वतःच्या मार्कांवर मिळवला आणि मग कॉट शोधायला बाहेर पडली. वडिलांना घेऊन ती भर दुपारी माझ्या दाराशी आली तेव्हा मी पाणी दिलं, भाडं सांगितलं आणि नळाची वेळ सांगितली. तरी ती थांबूनच राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही आडनाव नाही विचारलं." आधीच्या घरांमध्ये काय काय झालं असेल ते मला त्या एका वाक्यातून कळलं. वडील खाली मान घालून चपला घालत होते.

माझं सगळं म्हणणं या ठिकाणी आहे. पेठेतली खोली मालकाच्या मर्जीवर मिळते. कॉलेजच्या होस्टेलमध्ये जागा मागताना एकच गोष्ट पुरेशी असली पाहिजे: तुम्ही त्या कॉलेजात शिकता.

आमच्या पेठांना विद्यार्थी सांभाळण्याची जुनी सवय आहे, हे निवेदनातही अभिमानाने लिहिलं होतं. माझे सासरे कोकणातून शिकायला आले तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी. त्यांनी त्या घरांचे उपकार जन्मभर मानले आणि त्यात काही चूक नव्हती. पण वार कोणाला मिळायचे? ज्याला त्या घरच्या पंगतीला बसवता येई, त्यालाच. शिकायची तेवढीच इच्छा असलेला पण वेगळ्या घरात जन्मलेला मुलगा या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

शाहू महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. नुसती शाळा काढून भागत नाही. खेड्यातलं पोर शहरात आलं तर रात्री झोपणार कुठे, जेवणार काय? 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्यांच्या आधाराने जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेले, अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. पुढे भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली घेऊन. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पुण्यात सेवासदनाने बायकांच्या राहण्याची सोय केली, अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यांतून आलेली मुलं तिथे राहून शिकली, आजही शिकतात. महाराष्ट्रात शिक्षण खाली झिरपलं ते या इमारतींमधून. म्हणून "होस्टेल बांधणं हे कॉलेजचं काम नाही" असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

आता पैशांचं. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने माफ केलं. खूप चांगलं झालं. माझ्याकडची बी.फार्म. करणारी मुलगी त्यामुळेच पुण्यात येऊ शकली. पण फी माफ झाली तरी राहणं आणि जेवण तिच्याच घरावर. माझ्याकडे कॉटचे 4,000 रुपये आहेत. बाहेरच्या पद्धतीने मोजलं तर दोन महिन्यांचं डिपॉझिट 8,000, पहिलं भाडं 4,000, एजंटचे 4,000, मेसचे 3,500 आगाऊ. म्हणजे गादीवर पाठ टेकायच्या आधीच 19,500 रुपये. मी एजंट ठेवत नाही आणि डिपॉझिट एकाच महिन्याचं घेते, पण मी काही सगळी पेठ नाही.

आणि हे पैसे कधी मागितले जातात? जून-जुलैमध्ये. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवसांत बियाणं, खत, पेरणी, सगळं एकदम आलेलं असतं. सोयाबीन हातात येतं दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला. नेमका हात रिकामा असतो तेव्हा शहर डिपॉझिट मागतं. कॉलेजला हे समजून घेता येईल: होस्टेलची अर्धी फी प्रवेशाच्या वेळी, अर्धी दिवाळीनंतर. मला ते जमत नाही, कारण माझ्या गॅसचं आणि लाइटचं बिल सोयाबीनची वाट पाहत नाही.

अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यात वर्षाला 60,000 रुपये धरले आहेत, त्यातले निवासाचे 20,000. महिन्याला 1,700 सुद्धा होत नाहीत. आमच्या पेठेत या पैशांत कॉट मिळत नाही; माझ्याकडेही मिळत नाही. खाजगी घरमालक कितीही भला असला तरी तो इथपर्यंत खाली येऊ शकत नाही. स्वतःची जागा असलेलं कॉलेज येऊ शकतं, कारण शहराच्या मध्यभागी सगळ्यात महाग असते ती जमीन, आणि ती त्यांच्याकडे आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या जागेवर सभागृह हवं आहे. सभागृह वर्षातून किती दिवस भरेल, एवढंच विचारते. होस्टेल रोज रात्री भरलेलं असेल.

व्यवस्थापनातल्या लोकांना जबाबदारीची धास्ती आहे, असं ऐकलं. उद्या एखाद्या मुलीला काही झालं तर? ही धास्ती मला समजते, कारण आज ती जबाबदारी माझ्यासारख्यांवर आहे. मागच्या पावसाळ्यात एका मुलीचा ताप रात्री अचानक चढला, ती बडबडायला लागली. मी आणि तिची मैत्रीण तिला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. दाखल करून घेताना फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी लिहिलं, घरमालकीण. डेस्कवरच्या सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि आई-वडिलांचा नंबर मागितला. वडील जालन्याहून निघाले, पोहोचेपर्यंत दुपार झाली. तोपर्यंत प्रत्येक कागदावर मीच सही करत होते, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की हा अधिकार मला कोणी दिला? डेंग्यू निघाला, ती बरी झाली. पण कॉलेजला त्या रात्रीचा पत्ताही नव्हता. मुलगी त्यांची विद्यार्थिनी, आणि ती कुठे राहते हेसुद्धा त्यांना माहीत नाही. होस्टेल नसलं की कॉलेजची जबाबदारी संपते, हे मी मान्य करणार नाही. आवारातच राहणारा रेक्टर आणि रात्री उचलला जाणारा एक फोन, एवढी व्यवस्था तरी कॉलेज करू शकतं.

आमच्या खोलीतही जेमतेम बसतंच सगळं. दहा बाय बाराची खोली, चार कॉट, एक ट्यूबलाइट. एकीचा पेपर असतो, दुसरीला सकाळी सहाला प्रॅक्टिकलसाठी निघायचं असतं. मग पेपरवाली पांघरुणात मोबाइलच्या उजेडात वाचते. पाठीमागे अभ्यासिकेत जागा घ्यायची तर तिचे महिन्याचे पैसे वेगळे.

राहिला शेजाऱ्यांच्या कमाईचा प्रश्न. तो खोटा नाही. आमच्या गल्लीत पेन्शन नसलेल्या बायका आहेत, ज्यांचं औषधपाणी दोन कॉटवर चालतं. पण एका कॉलेजच्या होस्टेलने पेठा रिकाम्या होणार नाहीत. स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, नोकरीला लागलेल्या मुली आहेत, दरवर्षी नवी येत राहतात. आणि समजा, माझ्या सातपैकी दोन कॉट रिकाम्या राहिल्या. ते नुकसान मी सोसेन. एखादीला प्रवेश मिळूनही घरी परत जावं लागणं हे त्याहून मोठं नुकसान आहे.

प्राचार्यांना मी पत्र लिहिलं आहे. जागा फक्त मार्कांवर देऊ नका, घरचं उत्पन्न आणि गावाचं अंतर आधी पाहा, नाहीतर ज्यांना बाहेर कुठेही खोली परवडते तीच मुलं आत बसतील. तळमजल्यावर व्हीलचेअर जाईल अशा खोल्या ठेवा. रात्री परत यायची वेळ मुलींना एक आणि मुलांना एक असं करू नका. आणि मेस सातही दिवस दोन्ही वेळ चालू ठेवा. पेठेतल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, मुली बिस्किटांवर झोपतात. मेसचं कंत्राट देतानाच ही अट घाला.

पत्राची एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे. निवेदनावर सही केलेल्यांपैकी कोणाला ते वाचून यावरही सही करावीशी वाटली, तर संध्याकाळी सहा ते आठ मी घरीच असते.