अठरा पीएसआय आणि एक चिरलेली फळी : आमची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं गॅरेज आहे, आणि हिवाळ्यात आम्ही गाड्यांचा ताफा घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात सहली नेतो. त्याच्या मागच्या भिंतीला सात फळ्या टेकवून ठेवल्यात. जुन्या बाभळीच्या, दीड फूट बाय दीड फूट, दोन इंच जाड. वाळूत जॅक लावायचा तर खाली फळी हवी, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातली एक मधोमध चिरलेली आहे. बायको दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते, ही बंबात घालू का? मी नाही म्हणतो. डिसेंबर २०१७ मध्ये ती फळी चिरली आणि महिनाभरात आमचा धंदाही चिरला.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. लष्कराच्या लिलावात निघालेली एक जिप्सी २००९ साली मी आणि माझ्या भागीदारानं मिळून घेतली. इंजिन १.३ लिटरचं, हूड फाटलेलं, पण चॅसी शाबूत. ती उभी करायला सात महिने लागले. २०१० च्या नोव्हेंबरात चार गाड्या घेऊन जैसलमेरला गेलो. ही आमची पहिली सहल. सोलापूर, पुणे, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर, जैसलमेर. जाताना तीन दिवस, वाळूत चार दिवस, येताना तीन. मग सहा-सात वर्षं गेली. बरी गेली. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीअखेर सहली आणि उरलेलं वर्ष गॅरेज, असं चाललं.

भागीदार बोलायला गोड. गिऱ्हाईक तो आणायचा, गाड्या मी बघायचो. करार तोंडी. (तोंडी करार करू नका. सख्खा भाऊ असला तरी स्टॅम्प पेपरवर घ्या, नोंदवून घ्या. आणि गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही स्वतःच्या कपाटात ठेवा.)

त्या पहिल्या चार गाड्यांत एक बार्शीचे डॉक्टर होते. जनावरांचे डॉक्टर, त्यांचीही जिप्सीच. पहिल्या दिवशी ते अकरा वेळा अडकले. अकराव्या वेळी मी फावडं घेऊन पोचलो तर हा माणूस गाडीच्या सावलीत बसून वहीत काहीतरी लिहितोय. बघितलं तर प्रत्येक वेळी अडकले तेव्हाची वेळ आणि टायरची हवा. सकाळी आठ, बावीस पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप), निघाली. दुपारी दोन, बावीस, बसली. मला म्हणाले, "मालक, हवा तीच आहे की ओ. मग वाळू बदलली म्हणायची का?" बदलतेच. सकाळची थंड वाळू घट्ट असते, दुपारी तापली की पिठासारखी भुसभुशीत होते. पहाटे बावीसवर चढणारी गाडी दुपारी अठरावर आणावी लागते, हलकी जिप्सी असेल तर पंधरावरसुद्धा. मी हे अंदाजानं करत होतो. डॉक्टरांनी ते वहीत आणलं. आज आमच्या प्रत्येक गाडीत दोरीला बांधलेली वही असते, ती त्यांच्यामुळे. दर थांब्याला चारही चाकांची हवा लिहायची आणि ज्यानं मोजली त्यानं खाली सही करायची.

हवा मोजायचं मीटर चांगलं घ्या. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर भरवसा ठेवू नका. कॉम्प्रेसर घ्याल तो थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, लायटरच्या भोकात खुपसायचा घेऊ नका, दुसऱ्याच टायरला फ्यूज उडतो. आणि पंधराच्या खाली जाऊ नका. वळताना टायरची कड रिमवरून सुटते आणि आत वाळू भरते. मग रॅचेटचा पट्टा आवळून, साबणाचं पाणी लावून हवा मारत बसायचं, आणि बाकीची मंडळी चहा पीत तुमच्याकडे बघत बसणार.

दुसरं अवजार म्हणजे सोलापुरी चादर. हसू नका. अडकलेली गाडी ओढताना दोर ताणला जातो. तो तुटला किंवा हूक निखळला तर शॅकल, म्हणजे दोर अडकवायची लोखंडी कडी, गोळीसारखी सुटते आणि काच फोडून आत येते. दोराच्या मध्यावर वजनदार काहीतरी टाकलं की तुटलेला दोर उडण्याऐवजी खाली पडतो. बाजारात त्यासाठी वेगळी रंगीत पिशवी मिळते. आम्ही ओली चादर घडी घालून टाकतो. पुण्याची मंडळी पहिल्यांदा फोटो काढतात. रात्री तीच चादर वाळवून अंगावर येते, कारण जानेवारीत तिकडे पहाटे पारा पाच-सहावर उतरतो आणि तंबूच्या कापडावर दव गोठल्यासारखं वाटतं.

आणि कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी, पंधरा दिवस काही होत नाही. सोबत शेंगाची चटणी. जैसलमेरजवळच्या खुडी गावाच्या बाजूला आमचे एक काकोसा (तिकडे काकांना म्हणतात) आहेत, उंटवाले, आता बोलेरो कॅम्पर चालवतात. तंबूची जागा तेच दाखवतात. त्यांनी पहिल्यांदा कडक भाकरी तोडली तेव्हा विचारलं, ही जनावराला घालता की माणसाला? पुढच्या वर्षी स्वतःच मागून घेतली, बदल्यात सांगरी, म्हणजे तिकडच्या भाजीच्या शेंगा, दिली. असो.

आता २०१७. आमचा नियम आठ गाड्यांचा. पाहुण्यांच्या चार गाड्यांमागे आमची एक गाडी, तिच्यात हायलिफ्ट जॅक, दोन फळ्या, दोन फावडी, ताणला जाणारा दोर आणि शॅकल. भागीदारानं मला न विचारता अठरा गाड्यांचे पैसे घेतले. मी म्हटलं, माणसं नाहीत, फळ्या नाहीत. तो म्हणाला, मागणी आहे तेव्हा घ्यायचं. मी गप्प बसलो. ती माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दोन गट केले. नऊ गाड्या माझ्यामागे, नऊ त्याच्यामागे. सकाळी सगळ्यांची हवा अठरावर आणली होती, मी स्वतः मोजली. दुपारी धोऱ्यांच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या, दोन रांगांमध्ये पंचवीसेक किलोमीटर डांबरी रस्ता लागतो. त्यानं आपल्या गटाची हवा मारून अठ्ठावीस केली. बरोबर केलं. कमी हवेवर डांबरावर पळवलं की टायर तापतो. पण पुन्हा वाळूत उतरताना साडेतीन वाजले होते, सूर्यास्ताचे फोटो धोऱ्याच्या माथ्यावर घ्यायचे होते, आणि नऊ गाड्यांच्या छत्तीस चाकांची हवा सोडायला अर्धा तास जातो. त्यानं ती सोडलीच नाही.

अठ्ठावीसवर तापलेल्या वाळूत गाडी चढत नाही. मग माणूस काय करतो? मागे येऊन वेग घेतो. तिकडे उन्हाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे बहुतेक धोऱ्यांची ती बाजू सौम्य चढाची आणि पलीकडची, ईशान्येची, तीस-बत्तीस अंशांची सरळ घसरण. माथ्यावर गाडीचं नाक वर असतं, पुढचं काही दिसत नाही. वर पोचता पोचता अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा, थांबायचं, बघायचं, मग नाक सरळ ठेवून पहिल्या गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. पाचव्या नंबरची एक जड एसयूव्ही वेगात माथ्यावरून निघाली. चालकानं पुढचा उतार बघितला, घाबरला, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडी उतारावर आडवी झाली आणि कलंडली. मागची गाडी अंतर न ठेवता येत होती. ती वाचवायला गेली आणि माथ्यावर पोटावर बसली, चारही चाकं हवेत.

मला वॉकीटॉकीवर फक्त "या, लवकर या" ऐकू आलं. पोचलो तेव्हा चालकाला बाहेर काढलेलं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी देवाची कृपा. काकोसांनी त्यांना कॅम्परमध्ये घेऊन जैसलमेरच्या दवाखान्यात नेलं. इकडे माथ्यावरची गाडी जागची हलवल्याशिवाय खालच्या गाडीला दोर लावता येईना. जॅक लावला, फळी टाकली. नऊ गाड्यांमागे फळ्या दोनच, त्यातली एक त्याच्या गाडीत सापडलीच नाही, तंबूवर राहिली होती. एकाच फळीवर सगळा भार. कडाड आवाज झाला आणि ती चिरली. मग हातानं, ताटल्यांनी, जे मिळेल त्यानं वाळू उपसली. रात्री साडेनऊला दोन्ही गाड्या सुटल्या. दोरावर तीन चादरी होत्या.

अंधारात बॅटरी धरून डॉक्टरांनी त्या गटातल्या प्रत्येक गाडीची हवा मोजली आणि वहीत लिहिली. अठ्ठावीस, अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. ते पान माझ्याकडे आहे.

त्या रात्री शेकोटीभोवती भागीदारानं सगळ्यांना काय सांगितलं माहीत आहे? "हवेचं काम गॅरेजवाल्याचं." गॅरेजवाला म्हणजे मी. सात वर्षं बरोबर चटणी-भाकरी खाल्लेल्या माणसानं माझं नावसुद्धा घेतलं नाही.

परत आल्यावर पैसे परत मागितले गेले. मी दिले, सगळ्यांचे, त्याच्या वाट्याचेसुद्धा, कारण पावतीवर गॅरेजचा पत्ता होता. दुसरी जिप्सी विकली, लेथ विकला. जानेवारीत त्यानं नंबरांची वही उचलली आणि पुण्यात स्वतःचं दुकान थाटलं. तोच मार्ग, तेच थांबे, सांचोरचा तोच ढाबा. माहितीपत्रकावर "अस्सल सोलापुरी कडक भाकरीसह" हेसुद्धा! फोटोतली गाडी माझी आहे. नंबरप्लेट पुसली आहे, पण डाव्या दारावरचा पोचा दिसतो. तो पोचा डॉक्टरांनी फळी उचलताना पाडलेला आहे.

दर त्याचा आमच्यापेक्षा कमी. का कमी ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. तो बरोबर सुटे सामान नेत नाही, आणि जवळचा रस्ता म्हणून गाड्या सेवण गवतावरून घालतो. सेवणाची कुरणं म्हणजे तिकडचं माळरान. माळढोक पक्षी त्याच गवतात जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाची हद्द तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि आत गाडी उधळायची नसते, एवढं साधं. डॉक्टरांनी तरुणपणी आपल्या नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलेले. ते म्हणतात, "आपल्याकडचे घालवले, आता तिकडचे घालवायला निघालेत." आम्ही हद्दीबाहेरचे धोरे घेतो, गावाला विचारून घेतो, वळसा पडतो, डिझेल जळतं. ते बिलात येणारच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मी सहल बंद करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांचा फोन आला, यंदाची तारीख कुठली? मी म्हटलं, डॉक्टर, एकच गिऱ्हाईक आहे. म्हणाले, "एक तुमची, एक माझी, दोन झाल्या. एकट्या गाडीनं जायचं नाही हाच नियम आहे ना तुमचा?" आणि दरात पाचशे रुपये कमी करून घेतले, हेही सांगितलं पाहिजे.

गेलो. त्या वेळी घाई नव्हती. लोंगेवाला पाहिलं, जिथे डिसेंबर १९७१ मध्ये मूठभर जवानांनी पाकिस्तानी रणगाडे रात्रभर थोपवून धरले आणि सकाळी हवाई दलानं ते उडवले. रणगाड्यांच्या पट्ट्यांकडे बघत डॉक्टर म्हणाले, यांचीही हवा कमी करायची सोय नव्हती बघा. तनोटच्या देवीला गेलो. तिथली पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात, न फुटलेले बॉम्ब काचेत ठेवलेत. रात्री काकोसांच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, झोपलो. त्यांनी भाड्याचे पैसे घेतले नाहीत, कडक भाकरीचा डबा घेतला.

त्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी दोन मित्र आणले. पुढच्या वर्षी पुलवामानंतर शेवटची सहल रद्द झाली, त्याच्या पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, गॅरेजवर तगलो. २०२० च्या शेवटी नवी थार बाजारात आली आणि फोन पुन्हा वाजायला लागले. आता वर्षाला सहा सहली. आठच गाड्या.

नवी थारवाल्यांना एक सांगतो, विचारलं नाहीत तरी. गाडी घेतल्या घेतल्या उंची वाढवायचं किट बसवू नका. रुंद चकचकीत रिम बसवू नका. ते पैसे चांगला कॉम्प्रेसर, दोर आणि दोन फावड्यांना घाला. फावड्याचा दांडा हातभर कापून घ्या, गाडीखाली लांब दांडा फिरत नाही. अडकलात तर चाक गरगर फिरवू नका, आल्या चाकोरीतून मागे या.

डॉक्टरांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. ते माझ्या शेजारी बसतात, वॉकीटॉकी त्यांच्या हातात असते, आणि प्रत्येक थांब्याला मागच्या गाड्यांना ओरडतात, "हवा लिहिली का ओ?" नवी मंडळी वैतागतात.

यंदाची पहिली सहल दिवाळीनंतर. नाव नोंदवायचं तर गाडी घेऊन गॅरेजवर या, टायर आणि ओढायचे हूक बघू, मग पैशांचं बोलू. फोन करून फक्त दर विचारणाऱ्याला मी त्या पुण्यातल्याचा नंबर देतो.