तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीचे मागचे ब्रेक धरतात, मास्टर सिलिंडर बदलू का?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीवाले मला सारखं हेच विचारतात. गाडी पावसाळाभर उभी होती, आता काढली तर मागची चाकं धरतात, ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) तापतो, आणि गॅरेजवाला म्हणतो मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदला. नका बदलू! आधी दोष कुठे आहे ते बघा, मग पार्ट आणा, कारण या गाडीचं उत्पादन बंद होऊन वीसेक वर्षं उलटली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली आणि चांगला पार्ट आता शोधावा लागतो.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही), गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. जाम असेल तर व्हील सिलिंडरचं (चाकातला, ब्रेक शू ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) निपल, म्हणजे ऑइल-हवा सोडायचा छोटा स्क्रू, जरासं सैल करा. ऑइल जोरात उडालं आणि चाक सुटलं म्हणजे प्रेशर आत अडकलंय. अशा वेळी पुढची चाकं मोकळी असतील तर माझा पहिला संशय बॉडीकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या रबरी होजवर, तो बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून फुगतो, पाय दाबला की ऑइल जातं आणि सोडल्यावर परत यायला वाट नसते. पुढचीही धरत असतील तर मग मास्टर सिलिंडर बघा, त्याआधी पॅडलला थोडा फ्री प्ले (दाब लागण्याआधीची मोकळी हालचाल) आहे ना तेही.

निपल सोडूनही चाक जामच असेल तर दोष ड्रमच्या आत, म्हणजे पिस्टन गंजलाय, शूची स्प्रिंग तुटलीय किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत उभ्या गाडीचा सिलिंडर आतून गंजतो, आणि एकदा आत खड्डे पडले की नवीन रबर किट टाकून काही होत नाही, पुन्हा गळतं.

ड्रम काढल्यावर आत ओलं दिसलं तर बोट लावून बघा. पाण्याने धुतलं जाणारं पातळ ते ब्रेक ऑइल, म्हणजे सिलिंडर गळतोय. जाड, गंधकासारखा वास येणारं ते गियर ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलचा ऑइल सील गेलाय, आणि सील बदलताना डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधला गियरचा डबा) ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, तुंबलाय का तेही बघाच, नाहीतर आतल्या प्रेशरने नवा सीलही गळतो. लोक इथे सिलिंडर बदलतात आणि महिन्याभरात परत ओलं! ऑइल प्यायलेलं लायनिंग (शूवरचा घासणारा थर) पेट्रोलने धुऊन वापरू नका, दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी ब्रेकच्या पाइपमधली हवा काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून करा, ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, आणि पहिली ट्रायल रिकाम्या रस्त्यावर, अगदी हळू.